अहवालाची फलश्रुती

"घंटी," असं म्हणून ढुंढिराज पाध्यांनी हात पुढे केला.

लेखापाल मुकुल श्रीवास्तवांनी आधी त्या हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हातातल्या कापडी पिशवीकडे. पिशवीत सात घंट्या आधीच जमा झाल्या होत्या आणि पाध्ये जरा हलले की आतल्या आत किणकिणत होत्या.

"ढुंढी बाबू, मजाक मत कीजिए. पानी कैसे मँगाएँगे?"

"उठकर."

"और फाइल?"

"वह भी उठकर."

मुकुल बाबूंनी आपली घंटी दोन्ही हातांनी झाकून धरली. अठरा वर्षं ती त्यांच्या टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात होती आणि तिच्या टोपीवरचं पितळ त्यांच्याच तळव्याने झिजलं होतं. पाध्ये हात तसाच पुढे करून उभे राहिले. हॉलमधल्या बाकीच्यांनी माना वर केल्या, कोपऱ्यातली टायपिस्ट रुची तोंडावर ओढणी धरून हसली, आणि शेवटी मुकुल बाबूंनी घंटी पिशवीत टाकली. दुपारपर्यंत अकराच्या अकरा घंट्या पाध्यांच्या कपाटात गेल्या. कपाटाला कुलूप लागलं.

केंद्र सरकारच्या एका महामंडळाचं हे बनारसचं विभागीय कार्यालय. इंग्लिशिया लाइनीतल्या एका जुन्या बंगल्यात ते बसतं. पुढे मोठा हॉल, मागे अंगण, अंगणापलीकडे रेकॉर्ड रूम. अकरा टेबलं आणि त्या सगळ्यांमध्ये मिळून एक चपराशी, गोपीनाथ. तोही ठेक्यावरचा. बारा वर्षं तो अकरा घंट्यांच्या आवाजावर धावत होता आणि कुठली घंटी कुणाची हे त्याला न बघता कळत असे.

झालं होतं असं, की दिल्लीहून परिपत्रक आलं. कर्मचारी दिवसभर बसून राहतात, त्यांना रक्तदाब आणि साखर जडते, तरी प्रत्येक कार्यालयाने त्यांना चालण्यास प्रवृत्त करावं, त्यासाठी एक नोडल अधिकारी नेमावा आणि तीन महिन्यांनी अहवाल पाठवावा. मीटिंग झाली त्या दिवशी पाध्ये देवदिवाळीच्या रजेवर होते. सरकारी कचेऱ्यांमध्ये गैरहजर माणसाला नोडल अधिकारी करायची जुनी रीत आहे, तिला अनुसरून ते झाले. इतर कार्यालयांनी एक बॅनर छापला, त्याच्यामागे उभं राहून फोटो काढला आणि पुन्हा खुर्च्या गाठल्या. इथेही तेवढंच होईल अशी सगळ्यांची खात्री होती.

पण पाध्यांचं घराणं पाच पिढ्या ब्रह्मा घाटावर वेद शिकवणारं. हाती घेतलेलं काम यथासांग केल्याशिवाय त्या घरातल्या माणसाला अन्न गोड लागत नाही. ढुंढिराज एकटेच नोकरीत शिरले, हेडक्लार्क झाले, साठाव्या वर्षाला लागले, तरी ही खोड काही गेली नव्हती. शिवाय त्यांच्याकडे आणखी एक कारण होतं, जे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावर विश्वेश मिश्र बसायचे. एकोणीस वर्षं शेजार. गेल्या जेठ महिन्यात, जेवणानंतर, मिश्रांना घाम फुटला म्हणून त्यांनी पाण्यासाठी घंटी वाजवली. गोपीनाथ तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये शिडीवर होता. मिश्रांनी पुन्हा वाजवली. पाध्यांनी ती ऐकली होती आणि हातातला हिशेब पुरा करत राहिले होते, कारण घंटी काही त्यांच्यासाठी नव्हती. गोपीनाथ पाणी घेऊन आला तेव्हा मिश्र खुर्चीतच गेलेले होते, वय वर्षं एक्कावन्न. नंतर एकदा हॉलमध्ये कुणी नसताना पाध्यांनी मिश्रांच्या खुर्चीपासून पाण्याच्या माठापर्यंतची पावलं मोजली. अकरा भरली. त्या दिवसापासून कुणाचीही घंटी वाजली की त्यांची बेरीज चुकायची.

तर पहिला आठवडा शिव्याशापांचा गेला. फायली उचलून अंगणापलीकडे न्यायच्या म्हटल्यावर काही जण त्या दोन-दोन दिवस साठवून एकदम न्यायला लागले. पाध्यांनी लगेच नियम काढला, एका खेपेला एकच फाइल. मग कोणी पाणीच प्यायचं सोडलं. पाध्यांनी माठ उचलून व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवला आणि स्वतः तासातासाला जाऊन, सगळ्यांना दिसेल असं, सावकाश पाणी पिऊन येऊ लागले. माणूस नियमाने सुधारत नाही, पण दुसऱ्याच्या चिकाटीला कंटाळून सुधारतो, असा त्यांचा छत्तीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव होता.

जेवणानंतर बंगल्याभोवती सात फेऱ्या, हे दुसरं कलम. त्यात पहिल्याच दिवशी विघ्न आलं. विहिरीपाशी महादेवाची घुमटी आहे. वाट तिच्या मागून जाते आणि अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं ती पन्हाळ वाटेतच आडवी येते. महादेवाची प्रदक्षिणा पुरी करायची नसते, पन्हाळीपर्यंत जायचं आणि मागे फिरायचं, हे काशीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळा तांडा पन्हाळीशी येऊन थबकला.

"सर, हम लोग तो सेहत के लिए घूम रहे हैं, पूजा थोड़े कर रहे हैं," रुची म्हणाली. पण पाऊल तिनेही उचललं नाही.

पाध्यांनी क्षणभर विचार केला आणि उलट फिरले. पन्हाळीपर्यंत यायचं, परत फिरायचं, सगळ्या बंगल्याला उलटा वळसा घालून पन्हाळीच्या पलीकडच्या अंगाला यायचं, तिथून पुन्हा मागे. यात अंतर जवळजवळ दुप्पट होतं हे मुकुल बाबूंच्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, तेव्हा उशीर झाला होता. महादेवाच्या नावाने ठरलेली गोष्ट मोडायला कुणी तयार होईना.

मुकुल बाबूंचं खरं दुखणं निराळं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला होता. डॉक्टर म्हणायचे चाला, आणि त्यांचं मन म्हणायचं, चाललास तर वाटेत पडशील. पहिल्या दिवशी ते दहा पावलं गेले आणि भिंतीला धरून उभे राहिले. गोपीनाथ हातातली झाडणी टाकून त्यांच्यापाशी गेला. तो त्यांच्या बाजूने चालू लागला, त्यांच्याच चालीने. दुसऱ्या दिवशीही तो आला. मग रोजच येऊ लागला. पाध्यांनी हे पाहिलं होतं. पण पाहणं वेगळं आणि ध्यानात घेणं वेगळं.

फेब्रुवारी उजाडेपर्यंत कार्यालयाचा नूर पालटला. गुडघे कुरकुरायचे थांबले. दोघांची साखर उतरली. पाध्यांनी स्वतः ऑटो सोडली आणि ब्रह्मा घाटावरून मैदागिन, कबीरचौरा, लहुराबीर, मलदहिया करत रोज सकाळी पायी येऊ लागले. बायको शरदिनी म्हणायची, "अहो, चपला घिसून घिसून माझं डोकं फिरवाल." पण त्यांची पँट कमरेत सैल झाली तेव्हा तिनेच हौसेने बटण सरकवून दिलं.

मग आला अहवालाचा दिवस. पाध्यांनी तो आधी स्वतःच्या हाताने लिहिला. त्यांचं अक्षर असं, की जुने साहेब लोक नुसतं ते पाहायला फाइल मागवत. आठ परिच्छेद झाले. किती माणसं, किती फेऱ्या, कुणाची साखर किती, सगळं खरं, एक काना इकडचा तिकडे नाही. आणि तरी त्यांना काहीतरी अपुरं वाटत राहिलं.

याला कारण त्यांचं बालपण. लहानपणापासून त्यांनी जी जी स्तोत्रं पाठ केली, त्या प्रत्येकाच्या शेवटी फळ सांगितलेलं असे. हे म्हणाल तर रोग पळतील, राजा प्रसन्न होईल, घरात धान्य मावणार नाही. त्याला फलश्रुती म्हणतात, आणि ती सांगताना हात आखडता घ्यायचा नसतो. फलश्रुतीवाचून स्तोत्र संपलं असं ब्रह्मा घाटावर कुणी म्हणणार नाही. पाध्यांच्या हातून नववा परिच्छेद आपोआप उतरला. चालण्यामुळे कर्मचारी निरोगी झाले, चित्त प्रसन्न झालं, फायलींची गती तिप्पट झाली, इतकंच काय, 'अब फाइलों के लिए चपरासी की आवश्यकता ही नहीं रही.'

रुचीने टाइप करताना विचारलं होतं, "सर, ये आखिरी लाइन रहने दें?"

"रहने दो," पाध्ये म्हणाले होते. "फल नहीं लिखेंगे तो ऊपर पढ़ेगा कौन?"

उत्तर होळीनंतर आलं. गोपीनाथनेच डाक आणली, लिफाफा पाध्यांच्या टेबलावर ठेवला आणि सवयीप्रमाणे बाजूला उभा राहिला. पाध्यांनी उघडला. पहिल्या परिच्छेदात अभिनंदन होतं. देशभरातल्या कार्यालयांमध्ये या कार्यालयाचं काम सर्वोत्तम ठरलं, शील्ड देण्यात येईल. पाध्यांना चेहऱ्यावरचं हसू आवरेना. मग त्यांनी दुसरा परिच्छेद वाचला. आपल्या अहवालाच्या नवव्या परिच्छेदास अनुसरून, ठेक्यावरील चपराशाची जागा अनावश्यक ठरत असून, एक एप्रिलपासून तिचं नूतनीकरण करू नये.

"अच्छी खबर है, बाबू?" गोपीनाथने विचारलं.

पाध्यांनी पत्राची घडी घातली. "शील्ड मिला है," ते म्हणाले. आणि पत्र घेऊन साहेबांच्या केबिनकडे वळले.

विभागीय व्यवस्थापक शरद वैरागडे मूळचे वर्ध्याचे. चाळिशीतला माणूस, बनारसला येऊन दीड वर्ष झालेलं. अख्ख्या कार्यालयात मराठी बोलायला त्यांना पाध्येच काय ते होते, आणि पाध्यांच्या मराठीत हिंदी किती आहे हे मोजणं हा त्यांचा विरंगुळा होता. आज ते खुशीत होते. त्यांनी पेढे मागवले. आणायला अर्थात गोपीनाथ गेला.

"साहेब, दुसरा पॅरा वाचलात?" पाध्यांनी दार लावून विचारलं.

"वाचला ना जी."

"मग?"

"मग काय पाध्येजी? तुमच्याच लिखाणाचा हवाला दिला आहे त्यांनी. मी तर म्हणतो, कुणी वाचत नाही वाचत नाही म्हणता, तर बघा, नवव्या परिच्छेदापर्यंत वाचलं." साहेब हसले आणि मग पाध्यांचा चेहरा पाहून थांबले. "वाईट मलाही वाटलं. पण वरून आलेलं आहे. ठेक्याचा माणूस आहे, कुठेतरी लागेल."

थोड्या वेळाने गोपीनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन प्रत्येक टेबलापाशी फिरला. पाध्यांनी पेढा हातात घेतला आणि रुमालात गुंडाळून ठेवला.

संध्याकाळी घरी शरदिनी मटर सोलत बसली होती. खाली गल्लीतून गंगेच्या दिशेने जाणाऱ्यांची वर्दळ होती. पाध्ये खिडकीशी बसले आणि पुढ्यातला चहा तसाच राहिला.

"अहो, चहा ठंडा होतोय."

त्यांनी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं त्यांच्यापाशी काही उरलं नव्हतं. कुणाच्या सांगण्यावरून नाही, कुणाच्या भीतीने नाही, निव्वळ अहवाल चांगला दिसावा म्हणून आपण एका माणसाच्या पोटावर पाय आणला, हेही सांगितलं.

"गोपीनाथ म्हणजे तोच ना, मागच्या बारिशमध्ये तुमची विसरलेली छतरी घेऊन इथवर आला होता?"

"तोच."

शरदिनी काही वेळ शेंगा सोलत राहिली. "मामंजींच्या पाठशाळेत पोराचा स्वर चुकला, तर ते काय म्हणायचे? बरं, होऊन गेलं, पुढे चल, असं म्हणायचे?"

पाध्यांनी चहाचा कप बाजूला सारला. वडील काय करायचे ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. एक बोट वर करायचे. सगळी पाठशाळा थांबायची. मग ज्याचा स्वर चुकला त्या मुलाने, सगळ्यांसमोर, मंत्राच्या आरंभापासून पुन्हा म्हणायचं. कुणी त्याला रागवायचं नाही, कुणी हसायचं नाही आणि कुणी त्याच्याऐवजी म्हणायचं नाही. ढुंढिराजांनी सात वर्षांचे असताना एक मंत्र अकरा वेळा आरंभापासून म्हटला होता.

"आठ महिन्यांनी रिटायर होतोय मी," ते म्हणाले. "आपणच दिलेला रिपोर्ट चुकीचा म्हणायचा म्हणजे सर्व्हिस बुकात डाग. छत्तीस साल कोरं आहे ते."

"मालूम आहे मला," शरदिनी म्हणाली, आणि सोललेले मटर घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कार्यालय भरायच्या आधी, त्यांनी गोपीनाथला अंगणात गाठलं. तो विहिरीपाशी बादली धूत होता. पाध्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. नवव्या परिच्छेदातलं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, आणि ते आपणच लिहिलं हेही सांगितलं.

गोपीनाथ बादली धूत राहिला. ती धुऊन झाल्यावरही धूत राहिला.

"बारह साल," तो शेवटी म्हणाला. "घंटी बंद हुई तो हम सोचे, चलो, अब दौड़ना नहीं पड़ेगा. ये नहीं सोचे कि आना ही नहीं पड़ेगा."

"हमसे गलती हुई है, गोपीनाथ."

"आपसे हुई है तो आप जानिए." त्याच्या आवाजात राग होता आणि तो त्याने लपवला नाही. बादली पालथी घालून तो निघाला. दोन पावलं गेला आणि थांबला. "एक बात है. पहली तारीख से मुकुल बाबू को आप घुमाइएगा. बाएँ तरफ रहिएगा, दाहिने कान से उनको कम सुनाई देता है. और महादेव के पास ऊ जहाँ से सब लोग मुड़ते हैं न, वहाँ हाथ तैयार रखिएगा. मुड़ने में उनको चक्कर आता है."

पाध्ये तिथेच उभे राहिले. तीन महिने ते मुकुल बाबूंच्या मागून चालले होते. त्यांच्या फेऱ्या मोजल्या होत्या, वहीत मांडल्या होत्या. कुठल्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी दुसरं काही काम केलं नाही. कागद घेऊन गोपीनाथच्या मागोमाग फिरले. तो नको म्हणाला, तरी फिरले. सकाळी आठला कुलूप कोण उघडतं, रेकॉर्ड रूममधली कुठली चळत कुठल्या सालची हे कोण सांगतं, पायऱ्या चढताना रुचीच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंची पिशवी कोण घेतं, डाकघरात कोण जातं, कचहरीत कोण उभं राहतं. जेवणानंतर फेऱ्यांना सगळ्यात आधी कोण उतरतं आणि त्याला पाहून बाकीचे कसे उठतात. घंट्या कपाटात गेल्या, माणसं चालू लागली, त्याचं श्रेय पाध्यांनी आपल्या चिकाटीला दिलं होतं. कागदावर आता दुसरंच काही उमटत होतं. लोक चालायला लागले होते, कारण त्यांच्या बाजूने एक माणूस चालत होता.

पत्र एका पानाचं झालं. या खेपेला त्यात फलश्रुती नव्हती. नववा परिच्छेद मी कोणतीही पडताळणी न करता, केवळ अहवालाची शोभा वाढावी म्हणून लिहिला. तो असत्य आहे. मी तो मागे घेतो. खाली गोपीनाथची कामं क्रमाने. सर्व जबाबदारी माझी.

वैरागडे साहेबांनी पत्र वाचलं आणि टेबलावर उलटं ठेवलं.

"हे मी पाठवणार नाही, पाध्येजी. बसा."

"बसत नाही साहेब."

"अहो, बसा तर."

"बसलो की तुम्ही चहा मागवाल. चहा आला की विषय संपतो. मी असाच बरा."

"शील्ड जाईल, माहीत आहे ना? माझं नाव जाईल ते जाईल. तुमच्या सर्व्हिस बुकात नोंद होईल, या वयात. पेन्शनचे कागद अडकले तर कोण धावणार आहे दिल्लीला?"

"मी. चालायची आदत झाली आहे आता."

साहेबांना हसू आलं नाही. त्यांनी पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं. पाध्ये बाहेर आले, आपलं काम केलं, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला पुन्हा केबिनमध्ये जाऊन उभे राहिले. साहेब फोनवर बोलत होते, मग फायली पाहत होते, मग पुन्हा फोनवर. पाध्ये पाऊण तास उभे होते. तिसऱ्या दिवशीही गेले. भीती वाटत नव्हती असं नाही. आदल्या दिवशी पायी घरी जाताना कबीरचौऱ्याशी त्यांना वाटलं होतं की झालं तेवढं पुरे, आपण सांगून पाहिलं, आता साहेब जाणे. पण पुढचं पाऊल टाकताना मिश्रांची दुसऱ्यांदा वाजलेली घंटी त्यांना आठवली होती. त्या वेळी ते बसून राहिले होते.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग केबिनचं दार पुन्हा उघडलं आणि मुकुल बाबू आत आले. त्यांच्या हातात अर्धा कागद होता. त्यावर एवढंच लिहिलं होतं की गोपीनाथ बरोबर नसता तर मी चाललो नसतो, आणि हे मी स्वखुशीने लिहून देतो.

"ये भी लगा दीजिए, सर," ते म्हणाले, आणि पाध्यांशेजारी उभे राहिले.

वैरागडे साहेबांनी दोघांकडे पाहिलं. मग ड्रॉवर उघडलं.

"छत्तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, पाध्येजी," ते मराठीत म्हणाले. "स्वतःची सापडली तर सोडून नाही का देता येत?"

"नाही देता येत, साहेब."

साहेबांनी पेन उघडलं आणि पत्राच्या खाली दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही, पण त्याच दुपारी पत्र दिल्लीला गेलं.

मार्च सरत आला. गोपीनाथ रोज येत होता, मुकुल बाबूंच्या डावीकडून चालत होता आणि पाध्यांशी कामापुरतं बोलत होता. कुठे दुसरीकडे काम बघतोस का, असं कुणी विचारलं तर तो खांदे उडवायचा. पाध्ये दिवस मोजत होते. एकोणतीस तारखेला, शेवटच्या कामाच्या दिवशी, साहेबांनी त्यांना बोलावलं.

"गोपीनाथला एक वर्ष मुदतवाढ," ते म्हणाले. "सकाळीच सांगितलं त्याला. शील्ड गेली दुसऱ्या कार्यालयाला." त्यांनी समोरची फाइल मिटली. "तुमचं वेगळं पत्र आहे. ते मी हातात देत नाही. रीतीप्रमाणे येऊ द्या."

पाध्ये आपल्या जागेवर येऊन बसले. पत्रात काय आहे ते त्यांना विचारावं लागलं नाही. लेखी ताकीद, सेवापुस्तिकेत नोंद. छत्तीस वर्षं त्यांनी इतरांच्या सेवापुस्तिकांमध्ये अशा नोंदी केल्या होत्या, त्यांचा नमुना त्यांना पाठ होता. एक प्रकारचं दुःख त्यांना झालं, आणि ते त्यांनी नाकारलं नाही. कोरं पुस्तक घेऊन घरी जायचं अशी त्यांची फार इच्छा होती.

बाराच्या सुमाराला गोपीनाथ डाकवही घेऊन हॉलमध्ये आला. पहिला तो पाध्यांच्याच टेबलापाशी थांबला. बंद लिफाफा पुढे ठेवला, वही उघडली आणि सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"आपके नाम से है," तो म्हणाला. "गोपनीय लिखा है. क्या है इसमें?"

"हमारा ही है," पाध्ये म्हणाले. "ठीक है."

गोपीनाथ काही क्षण त्यांच्याकडे पाहत राहिला. सकाळी साहेबांनी त्याला किती सांगितलं होतं आणि किती नाही, हे पाध्यांना माहीत नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही. गोपीनाथने खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ते त्यांच्या हातात दिलं. असं तो कधी कुणासाठी करत नसे.

पाध्यांनी सावकाश सही केली. ढुंढिराज गणेश पाध्ये. खाली तारीख घातली, वेळ घातली, आणि 'प्राप्त' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

"पूरा नाम लिख दिए, बाबू? सब लोग तो बस चिड़िया जैसा छोटा दस्तखत बैठा देते हैं."

"आज पूरा लिखना था."

गोपीनाथने शाई वाळेपर्यंत वही उघडीच धरली. मग ती मिटून काखेत घेतली आणि पुढच्या टेबलाकडे निघाला. त्याला अजून सहा लिफाफे द्यायचे होते.